तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं दुखत होतं तर अंगावरचं बंद का नाही केलं?

हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की आता एकदाच बसून लिहिते. साधारण असा असतो: तुला थ्रश झाला होता (कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा संसर्ग, बाळाच्या तोंडात आणि आईच्या निपलला होतो, आम्हा दोघींना होता), पाजताना रडायचीस, लेक सहा महिन्यांची झालीच होती, मग अंगावरचं तोडून सरळ वरच्या खाण्यावर का नाही टाकलंस तिला?

विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो हे मला माहितीये. पण यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते की सहा महिने झाले की खाणं दुधाच्या जागी येतं. अहो, जागी नाही येत, जोडीला येतं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा थोडं थोडं भरवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि वर्षाचं होईपर्यंत त्याला लागणारी निम्मी किंवा त्याहून जास्त ऊर्जा आईच्या दुधातूनच मिळू शकते. सुरुवातीला तर चार चमचे भरवले की तीन हनुवटीवर येतात. त्यावर कोण जगणार? दूध तोडलं असतं तर फॉर्म्युला द्यावाच लागला असता. ज्या देतात त्यांच्याबद्दल मला काहीही म्हणायचं नाहीये, खरंच नाही, मला द्यायचा नव्हता एवढंच. आणि तोडून तिच्या तोंडातली बुरशी गेली असती का? ती तिथेच राहिली असती, बाटलीच्या निपलला लागली असती. शिवाय मला आधी स्तनात गाठ होऊन ताप आला होता, त्याच्या अँटिबायोटिक्सनंतरच हे सगळं सुरू झालं. कॅन्डिडा आपल्या अंगावर, तोंडात, आतड्यात असतेच, अँटिबायोटिक्सनी तिला आवरणारे जिवाणू मेले की ती माजते. आता एकदम पाजणं थांबवलं असतं तर दूध साचून परत तीच गाठ. हा हिशोब मी तेव्हा केला होता, हट्ट म्हणून नाही.

बरं, हट्टही होता थोडा. तोही लिहिते.

दुखणं कसं होतं हे मी आजवर कोणाला नीट सांगू शकलेले नाही. पाजताना दुखायचंच, पण खरं सुरू व्हायचं ती सुटल्यानंतर. निपलपासून आत पाठीपर्यंत चिरत गेल्यासारखं, आणि ते बराच वेळ चालायचं. कपडा टेकला तरी नको व्हायचं. निपल गुलाबी, चकचकीत, बाजूने सालं निघालेली. रात्री ती कुशीत हलायला लागली की माझं अंग आधीच आखडायचं. स्वतःच्या बाळाची भीती वाटते हे कोणाला सांगणार?

डॉक्टरांना दाखवलं होतं. जिभेवर पांढरं दिसतंय म्हटल्यावर त्यांनी बघितलं, दुधाचा थर आहे म्हणाले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा बाळासाठी थेंब दिले. मला काय होतंय हे मीच सांगितलं तर म्हणाले लॅच सुधारा, म्हणजे बाळ निपल तोंडात कसं धरतं ते. मला तपासलं नाही. थेंबांनी तिचं कमी व्हायचं, परत यायचं, कमी व्हायचं, परत यायचं. आणि याच काळात आम्ही चमचा सुरू केला, कारण ती सगळ्या खुणा दाखवत होती, मान धरत होती, आधाराने बसत होती, आमच्या ताटाकडे हात टाकत होती.

त्यातली एक संध्याकाळ.

ती बसवलेली. मी कुसकरलेलं केळं चमच्याच्या टोकावर घेतलं, तिने स्वतःहून तोंड उघडलं, पुढे वाकून. आणि आत गेल्याबरोबर किंचाळली. रडली नाही, किंचाळली. कमान करून मागे गेली, हाताने चमचा उडवला. सगळे म्हणाले आवडत नाहीये. कोणी म्हणालं तयार नाहीये अजून, थांब. कोणी म्हणालं किंचित साखर घाल (एक वर्षापर्यंत साखर-मीठ नको आणि मध तर अजिबातच नको, हे परत एकदा सांगायला लागलं). मी परत प्रयत्न केला, परत तोंड उघडलं, परत तेच. तिला भूक होती हो! तिला हवं होतं! न आवडणारं बाळ दुसऱ्यांदा तोंड उघडून पुढे येत नाही. मग मी तिला छातीशी घेतलं, तिने धरलं, दोनदा ओढलं आणि निपल तोंडात तसंच ठेवून मान फिरवली. मी ओरडले. मोठ्याने. ती दचकली आणि मग दोघीही रडत होतो. मी तिला नवऱ्याकडे दिलं आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मनात एकच की बास, आता उद्यापासून बंद. तोडते. तुम्ही जे विचारता ना, ते त्या रात्री मी ठरवलेलंच होतं.

ती नवऱ्याच्या खांद्यावर तोंड वासून रडत होती तेव्हा त्याने मोबाइलच्या टॉर्चने आत बघितलं. जीभ नाही, गालांच्या आत. तिथे पांढरे चट्टे, दोन्ही बाजूंना, पार मागेपर्यंत. बोटाला स्वच्छ ओलं कापड गुंडाळून हलकेच पुसलं तर निघाले नाहीत, कडेला होते तिथे लाल झालं. दुधाचा थर पुसला की जातो. हा गेला नाही. म्हणजे चमचा त्या चट्ट्यांवर घासत होता आणि आम्ही तिला खाण्याची आवड-निवड शिकवत होतो.

दुसऱ्या दिवशी वेगळ्या डॉक्टरकडे गेलो. बाईंनी आधी तिचं तोंड बघितलं, मग डायपर काढून बघितलं, जांघेच्या घडीत लालभडक आणि बाजूने बारीक पुरळ, तेही तेच निघालं. आणि मग मला म्हणाल्या, तुमचं दाखवा. एवढे दिवस कोणी हे म्हणालं नव्हतं. औषध दोघींना एकाच वेळी, नाहीतर ही तिला देणार आणि ती हिला, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तिला थेंब, पाजून झाल्यावर, गालांच्या आत लावून. मला मलम, प्रत्येक वेळी पाजल्यानंतर पातळसं. त्याने आतलं दुखणं हललं नाही तेव्हा पोटात घ्यायच्या फ्लुकोनॅझोलच्या, म्हणजे बुरशीवरच्या, गोळ्या. चमचे, टीदर, पंपाचे भाग रोज उकळायचे, ब्रा गरम पाण्यात. चट्टे गेले तरी थेंब लगेच थांबवायचे नाहीत, पुढे दोन दिवस द्यायचे. माझ्यावरून डोस ठरवू नका प्लीज, आणि तोंडाला लावायचं जेल दिलं असेल तर चमच्याने घशाकडे ढकलू नका, लहान बाळाचा श्वास अडकू शकतो, बोटाने थोडं थोडं लावायचं, कसं ते डॉक्टरांकडून बघून घ्या.

चमचा आम्ही थोडे दिवस बाजूला ठेवला. यावरही मला बोलणी बसली. माझं स्वतःशीच यावरून अजून भांडण आहे. तेव्हाची मी म्हणते, दुखऱ्या तोंडात जेवण म्हणजे दुखणं हेच तिच्या डोक्यात बसलं असतं, थांबले ते बरोबर. आताची मी म्हणते, सहा महिन्यांनंतर बाळाकडचा लोहाचा साठा संपत येतो, दूध ते भरून काढत नाही, फार थांबणं बरोबर नाही. दोन्ही खरं आहे. नंतर गार, मऊ, आंबट नसलेलं देत हळूहळू परत सुरू केलं आणि ती खायला लागली. साखर मात्र मी तेव्हा स्वतःची पूर्ण बंद केली होती, बुरशीला साखर मिळते म्हणून सगळे सांगत होते. आईने गोड सोडलं की थ्रश जातो याला भक्कम पुरावा नाही. पाजणाऱ्या बाईला भुकेलं ठेवू नका.

अजून एक. अलीकडे स्तनपानावर काम करणारे बरेच डॉक्टर म्हणतात की निपलच्या ज्या दुखण्याला सर्रास थ्रश म्हटलं जातं ते पुष्कळदा थ्रश नसतंच, चुकीचा लॅच असतो, त्वचेचा दाह असतो, नाहीतर रक्तवाहिन्या आकसतात आणि निपल पांढरं पडतं. हे वाचून मी हादरले. तिच्या तोंडात थ्रश होता, ते डोळ्यांनी बघितलंय. माझं काय होतं? गोळ्यांनी थांबलं म्हणून थ्रश म्हणावं, तर त्याच दिवसांत तिचं तोंड बरं होऊन ती नीट धरायलाही लागली होती. मग ते पहिले डॉक्टर लॅच म्हणाले ते निम्मं खरं होतं का? असेलही. पण न तपासता म्हणाले, तो राग माझा जात नाही.

तर बंद का नाही केलं. कारण दुसऱ्या दिवशी कोणीतरी आम्हा दोघींना तपासलं. ती अपॉइंटमेंट चार दिवसांनंतरची मिळाली असती तर मी तोडलं असतं, आणि मग तुम्ही मला विचारलं असतंत की एवढ्यासाठी का तोडलंस.