इंजिन खोलण्याआधी ऑइलची वाट शोधताना

माझ्या चार सिलिंडरच्या जुन्या पेट्रोल गाडीला हजार किलोमीटरमागे जवळपास अर्धा लिटर ऑइल लागू लागले होते. गाडीखाली एक थेंबही सांडत नव्हता आणि सायलेन्सरमधून अधूनमधून निळसर धूर येत होता. म्हणजे ऑइल सिलिंडरमध्ये शिरून जळत होते, हे उघड होते. सोलापुरातील एका गॅरेजमध्ये मला काहीही न तपासता थेट बोअर-पिस्टनचे काम (सिलिंडर घासून नवे पिस्टन व रिंगा बसवणे) सांगण्यात आले. तो खर्च मला झेपणारा नव्हता. शिवाय ऑइल पिस्टनभोवतीच्या रिंगांमधून, व्हॉल्व्हच्या ऑइल सीलमधून, पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (इंजिनमधल्या वाफा पुन्हा इनटेककडे, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गाकडे नेणारा व्हॉल्व्ह) किंवा क्वचित हेड गॅस्केटमधूनही (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांमधले पॅकिंग) येऊ शकते, आणि सीलच्या व रिंगांच्या कामाच्या खर्चात फार मोठी तफावत असते. त्यामुळे वाट नक्की झाल्याशिवाय इंजिन उघडायचे नाही, असे मी ठरवले.

सुरुवात प्लगपासून केली. प्लग ज्या खोल नळीत बसतो तिथे ऑइल साचले असेल तर ते इंजिनवरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून उतरलेले असते, सिलिंडरमधले नव्हे. हा फरक न पाहिल्यामुळे अनेकांचा खर्च विनाकारण होतो. माझ्या गाडीत नळ्या कोरड्या होत्या, पण तिसऱ्या प्लगचे टोक काळे व तेलकट निघाले. बाकीचे तीन कोरडे, फिकट तपकिरी होते. पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवल्यावर खुळखुळत होता, म्हणजे अडकलेला नव्हता, आणि इनटेकचा पाइप आतून स्वच्छ होता, म्हणून ती शंका तिथेच मिटली.

यापुढची तपासणी फुकटात झाली. तुळजापूरच्या घाटात मी गाडी चालवली आणि धाकट्या भावाने दुचाकीवरून मागे राहून सायलेन्सरवर लक्ष ठेवले. चढावर इंजिनवर भार असताना धूर दिसला नाही; परतताना उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढून बराच वेळ गाडी गिअरमध्ये उतरवली आणि खाली येऊन पुन्हा रेस दिली, तेव्हा मात्र निळा लोट निघाला. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इनटेकमध्ये तीव्र निर्वात तयार होतो आणि झिजलेल्या सीलमधून व्हॉल्व्हच्या दांड्यालगत ऑइल आत ओढले जाते. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी पहिल्यांदा चालू करताना धूर येत होता, त्याचेही कारण हेच असावे, कारण हेडमधले ऑइल तोवर झिरपून खाली आलेले असते.

तरीही खात्री हवी होती. अक्कलकोट रस्त्यावरील एका वयस्कर मिस्त्रींकडे कॉम्प्रेशन गेज होता. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, इंधन व इग्निशन बंद ठेवून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा धरून त्यांनी एकेका सिलिंडरचा दाब मोजला. चारही आकडे 160 ते 170 पीएसआयच्या दरम्यान आले. एखादा आकडा कमी आला असता तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे लागले असते: दाब वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. मी सुटकेचा निःश्वास टाकणार तोच मिस्त्री म्हणाले, "मालक, प्रेशर चांगलं हाय म्हणून रिंगा चांगल्या धरू नका. ऑइल रिंग प्रेशर धरत नसती." ही सूचना मला फार मोलाची वाटते, कारण सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल खरवडणारी ही ऑइल रिंग चिकटली तरी गेजवर ते कळत नाही.

म्हणून मोबाइलला जोडायचा एक स्वस्त एंडोस्कोप कॅमेरा मागवला आणि तिसऱ्या पिस्टनचा माथा पाहिला. रिंगांमधून ऑइल वर येत असेल तर माथ्याच्या कडेचा कार्बन धुतला जाऊन तिथे चकचकीत पट्टा दिसतो. इथे कडेपर्यंत कार्बन जसाच्या तसा होता. ओल होती ती फक्त इनटेक व्हॉल्व्हच्या बाजूला.

मिस्त्रींनी हेड न उतरवता काम केले. पिस्टन सर्वांत वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरली, की स्प्रिंग काढल्यावरही व्हॉल्व्ह आत पडत नाही. चारही सिलिंडरचे सील बदलले. जुने सील प्लॅस्टिकसारखे कडक झाले होते, नखाने दाबूनही दबत नव्हते. आता सकाळचा धूर थांबला आहे. डिपस्टिक मी सपाट जागी, इंजिन थंड असतानाच पाहतो. हजार किलोमीटरनंतर पातळी जेमतेम सुतभर खाली गेली होती.