काँक्रीटची कड, तांबटाची फांदी

आमची बाग लहान आहे. रमतगमत चाललं तरी एक फेरी पाच मिनिटांत होते. दर रविवारी सकाळी दोन तास इथल्या झाडांसाठी द्यायचे असं आम्ही सहा जणांनी ठरवलं, तेव्हा पहिल्याच दिवशी सगळे रोपं आणि कुदळी घेऊन हजर झाले. माळीकाकांनी रोपांकडे पाहिलं आणि म्हणाले, "लावा की, पण आधी जी उभी आहेत त्यांच्याकडे एकदा बघा."

म्हणून आम्ही एक वही केली. प्रत्येक झाडाला क्रमांक दिला आणि बुंध्याचा घेर, खिळे, तारा, ढोली, घरटी, वाळलेल्या फांद्या असं सगळं लिहून काढलं. यात सहा रविवार गेले आणि या काळात एकही रोप लावलं नाही. काही जण कंटाळले. मला मात्र आज वाटतं, की तेच सहा रविवार सर्वांत कामाचे होते. बागेला नव्या झाडांची गरज नंतरची होती. जुन्या झाडांना माणसाने जे जे ठोकलं, बांधलं आणि ओतलं होतं, ते काढणं आधी गरजेचं होतं.

खिळ्यांपासून सुरुवात केली. डोकं बाहेर असलेला खिळा पक्कडीने सरळ रेषेत ओढला की निघतो, हिसका दिला तर साल फाटते. पण जो खिळा किंवा तार झाडाने गिळून टाकली आहे, तिला हात लावायचा नाही. बाहेर आलेली टोकं कापायची आणि आतला भाग तसाच ठेवायचा, कारण तो उकरून काढताना जुन्यापेक्षा मोठी जखम होते. एका झाडाला दिव्यांच्या माळेची तार इतकी रुतली होती, की तिच्या वर खोडाला कडं घातल्यासारखा फुगवटा आला होता. पानांत तयार झालेलं अन्न सालीखालच्या थरातून खाली मुळांकडे जातं. तार तीच वाट आवळते.

खरं कसोटीचं काम होतं ते काँक्रीटचं. फरशा बसवताना नऊ झाडांच्या अगदी बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेलं होतं. अर्ज दिला, फोटो जोडले, फेऱ्या मारल्या. परवानगीला तीन महिने लागले. तीही मिळाली ती मोजमापांसह नकाशा काढून दिल्यावर, म्हणून हे काम करू पाहणाऱ्यांनी नकाशा पहिल्या अर्जालाच जोडावा.

आम्ही आधी सगळ्यांत मोठा पर्जन्यवृक्ष घेतला. झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतांशी जमिनीच्या वरच्या हात-दीड हातातच असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. त्यामुळे यंत्र लावायचं नाही, छिन्नी-हातोडीनेच फोडायचं असं ठरवलं. एका रविवारी घेराचा फक्त चौथा भाग. एक मोठा तुकडा उचलला तेव्हा त्याच्या खालच्या अंगाला दोऱ्यासारखी मुळं चिकटलेली होती, तुकड्याच्या खाचाखोचांत शिरलेली. आमच्यातल्या काकू अर्धा तास उकिडव्या बसून नखांनी ती एकेक सोडवत होत्या. उघड्या पडलेल्या मुळांवर लगेच ओलं गोणपाट टाकलं आणि मग भुसभुशीत माती पसरली. बुंध्याची साल काँक्रीटने घासून जिथे काळी पडली होती, तिथे कोणी म्हणालं की डांबर लावू या. ते मी अडवलं, त्यासाठी थोडं वाचून ठेवलं होतं. अमेरिकेतले झाडांच्या रोगांचे अभ्यासक अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून पाहिली होती. 1977 साली त्यांनी मांडलं, की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही, झाड बिघडलेल्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि त्यावर नवं लाकूड चढवतं. वरून डांबर फासून कुजणं थांबत नाही. जखम उघडी, कोरडी राहू दिली.

चूक पुढे झाली. मोकळ्या केलेल्या जागेवर आम्ही हौसेने पालापाचोळ्याचा ढीग बुंध्याला टेकवून रचला. महिनाभराने हात घालून पाहिलं तर साल ओली, मऊ लागली. ढीग तातडीने मागे ओढला. आता थर चार बोटांचाच ठेवतो आणि बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडतो. बागेतला पाचोळा जाळणं मात्र कायमचं बंद झालं. त्यातच किडे वाढतात, आणि किड्यांमागे पक्षी येतात.

मार्चमध्ये त्याच पर्जन्यवृक्षाची एक वाळलेली फांदी तोडायची ठरली. खाली बाक होता. एक गृहस्थ मला रोज सांगत, "ताई, ही कुणाच्या डोक्यात पडेल." त्यांची काळजी खरी होती. तोडायच्या आदल्या सकाळी मी वही घेऊन खाली उभी राहिले, तर फांदीच्या खालच्या अंगाला रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, कोरून काढल्यासारखं गोल भोक दिसलं. दहा मिनिटांनी त्यातून लाल कपाळ बाहेर आलं. तांबट. हा पक्षी घर कोरतो ते वाळलेल्या, मऊ झालेल्या लाकडातच, हिरव्या फांदीचा त्याला काही उपयोग नसतो. आम्ही फांदीऐवजी बाक हलवला आणि खालच्या जागेला दोरी बांधली.

एप्रिलमध्ये मला स्वतःला एक धडा मिळाला. झुडपाखाली बुलबुलाचं पिल्लू बसलेलं दिसलं, नीट उडता येत नव्हतं. मी ते खोक्यात घालून घरी आणलं. माळीकाकांना कळताच ते म्हणाले, "पिसं फुटलेलं आहे ना? मग हरवलेलं नाही, उडायला शिकतंय. आईबाप तिथेच शोधत असतील." धावत जाऊन त्याच झुडपात उंचशा फांदीवर ठेवलं आणि लांब जाऊन बसले. काही वेळाने चोचीत किडा घेऊन एक बुलबुल आला. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. ते खरं नाही. पिसं न फुटलेलं पिल्लू पडलं असेल तर घरटं सापडल्यास तेही त्यात परत ठेवायचं.

तांबटाची पिल्लं उडून गेल्यावर, पावसाळ्याआधी, छाटणीच्या जाणकाराला बोलावून फांदीचा टोकाकडचा जड भाग उतरवला. आधी खालून अर्धवट काप, मग वरून, म्हणजे साल सोलत खाली येत नाही. भोकाचा भाग झाडावरच ठेवला.

नऊपैकी चार झाडं मोकळी झाली आहेत. पाचव्याचा नकाशा गेल्या आठवड्यात दिला. जानेवारीत एका रविवारी पर्जन्यवृक्षाखाली पाणी घालायला गेले तेव्हा काळ्या पाचोळ्यावर मूठभर ताजा, पिवळसर भुसा पडलेला होता. वर पाहिलं तर जुन्या भोकापासून हातभर अंतरावर दुसरं भोक अर्धं कोरून झालं होतं. वहीत त्या झाडाच्या पानावर तारीख टाकली आणि बाक होता तिथे पुन्हा दोरी बांधली.