बाबांना घेऊन नऊ तासांचा विमानप्रवास

बाबांची ईएफ, म्हणजे एका ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते प्रमाण, फक्त ३५ टक्के, चार वर्षांपूर्वी बायपास झालेली, डाव्या खांद्याखाली पेसमेकर. त्यांना घेऊन गेल्या महिन्यात जाऊन आले. धास्ती विमानाची होती. दमछाक झाली ती जमिनीवर.

तिकिटं काढण्याआधी डॉक्टरांनी त्यांना एक जिना चढायला लावला. धाप लागली नाही, छातीत दुखलं नाही, तेव्हा कुठे हो म्हणाले आणि एअरलाइनचा मेडिफ फॉर्म, म्हणजे प्रवाशाच्या तब्येतीची माहिती देणारा फॉर्म, भरून दिला. ऑपरेशन ताजं असेल तर घाई नकोच. ऑपरेशननंतर छातीत राहिलेली हवा उंचीवर फुगते.

विमानातली हवा जास्तीत जास्त आठ हजार फूट उंच डोंगरावर असते तितकी विरळ होते. निघताना बाबांच्या बोटावरचं ऑक्सिमीटर ९६ दाखवत होतं, तीन तासांनी ९१. पोटात गोळाच आला! पण एवढं उतरेल हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं आणि बाबा शांत झोपले होते. ज्यांचा आकडा घरीच ९२च्या खाली असतो, त्यांनी विमानात ऑक्सिजन लागेल का, हे आधीच विचारा.

लघवीची गोळी बाबा चुकवायला बघत होते. मी चुकवू दिली नाही, त्यांच्यासाठी मधल्या वाटेलगतची सीट घेतली. त्या निमित्ताने तासा-दीड तासाने पायही मोकळे झाले. घट्ट पायमोजे मात्र डॉक्टरांना विचारूनच घाला. पायाच्या धमन्यांत ब्लॉक असेल तर ते घातक ठरतात.

घोळ झाला तो विमान बदलताना. सांगून ठेवलेली व्हीलचेअर आलीच नाही. "चल गं, चालतो मी," बाबा म्हणाले. पुढचं गेट लांब होतं. अर्ध्या वाटेत ते खांबाला टेकले, ओठ पांढरेफटक. छातीत दुखलं की द्यायची सॉर्बिट्रेटची गोळी माझ्या पर्समध्ये आणि पर्स ट्रॉलीत सगळ्यात खाली! बसवून गोळी जिभेखाली दिली. पाच मिनिटांत छातीतलं दुखणं थांबलं. नसतं थांबलं तर मदतीसाठी ओरडणारच होते. ती गोळी पेशंटच्याच खिशात हवी, पेसमेकरच्या कार्डाशेजारी.

परतताना दोन विमानांमध्ये साडेतीन तास ठेवले, आणि खुर्ची दाराशी आल्याशिवाय बाबांना सीटवरून उठू दिलं नाही.