दांडी, डाउन रॉड आणि पंख्याचा रॉड

फोंड्याच्या वरच्या बाजारात बाबांनी इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान घातलं, तेव्हा सगळा हिशेब वहीत आणि बाकीचा त्यांच्या डोक्यात. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि आम्ही संगणक घेतला. खरेदीची बिलं समोर ठेवून एका मुलाने तीन दिवसांत सगळा माल चढवला. काम उरकलं म्हणून आम्ही खूश.

चवथीच्या गर्दीत कळलं. बिलात माल ‘डाउन रॉड 12 इंच’ म्हणून यायचा, काउंटरवर मी ‘दांडी 1 फूट’ म्हणून विकायचो, आणि भावाने तिसरं नाव केलेलं ‘पंख्याचा रॉड’. एकाचा साठा चाळीस, दुसऱ्याचा उणे अडतीस! वायरचं त्याहून वाईट. घेताना 90 मीटरची एक कॉइल, विकताना पंधरा मीटर. पण एकक एकच, ‘नग’. एका कॉइलमधून पंधरा वजा, म्हणजे उणे चौदा. एकदा व्यवहार झाले की आमचं सॉफ्टवेअर एकक बदलू देईना. शेवटी 1 एप्रिलला वायर नव्या नावाने, मीटरमध्ये उघडली, एक कॉइल बरोबर 90 मीटर असं बांधून दिलं आणि मोजलेला साठा आरंभीची शिल्लक म्हणून घातला.

खरा फटका महाराष्ट्रातल्या बांद्याच्या गिऱ्हाइकाने दिला. त्याचा काय दोष म्हणा! माल आमच्याच टेम्पोने त्याच्याकडे जायचा. त्याचं खातं उघडताना राज्य ‘गोवा’ राहून गेलं होतं, आणि कर कुठला लावायचा ते सॉफ्टवेअर तिथूनच ठरवतं. वर्षभर दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरच्या आयजीएसटीऐवजी राज्यातल्या राज्यातल्या विक्रीवरचा सीजीएसटी-एसजीएसटी लागत राहिला. बिल करणाऱ्याने काहीच चुकवलं नव्हतं. जीएसटी क्रमांक 27 ने, म्हणजे महाराष्ट्राच्या कोडने सुरू होत होता. आपला गोव्याचा 30. पहिले दोन आकडे कोणी वाचलेच नव्हते. आयजीएसटी नव्याने भरला, चुकून भरलेल्याचा परतावा मागितला. सीएसमोर मान खाली घालून बसलो ते वेगळंच.

तेव्हापासून मास्टर, म्हणजे माल आणि गिऱ्हाइकांच्या मूळ नोंदी, उघडायची मुभा फक्त दोघांना, मला आणि वहिनीला. बिल कोणीही करो. नवं खातं उघडण्याआधी वहिनी जुन्यांत शोधते, कारण एकच हॉटेलवाला आमच्याकडे मालकाच्या नावाने, हॉटेलच्या नावाने आणि टोपणनावाने असा तीनदा निघाला होता. एका खात्यात उधारी, दुसऱ्यात आगाऊ रक्कम.

नावं ठरवताना बाबा अडून बसले. “गिऱ्हाईक येऊन डाउन रॉड मागतं काय रे?” म्हणून मुख्य नाव कंपनीचं ठेवलं आणि उपनावाच्या रकान्यात बाबांचा शब्द घातला. आता ‘दांडी’ टाइप केलं तरी तोच माल समोर येतो.