रेल्वे कपचा दिवस

शेजारच्या आजोबांच्या मागच्या दारापाशी एक हर्ली टेकून ठेवलेली असते. ॲशच्या लाकडाची, हॉकी स्टिकपेक्षा रुंद आणि चपट्या तोंडाची. ते तोंड फुटू नये म्हणून त्याभोवती पत्र्याची पट्टी ठोकलेली. मूठ तर हात लागून लागून इतकी काळी पडलीय की साबणाची वडी धरावी तशी गुळगुळीत लागते. 17 मार्चला, सेंट पॅट्रिकच्या सणाला, मी गाजराचा हलवा घेऊन गेले तर आजोबा ती मांडीवर घेऊन बसलेले. म्हणाले, "एके काळी हा रेल्वे कपचा दिवस असायचा."

आयर्लंडच्या गॉलवे परगण्यातल्या अथेनरायमध्ये राहून हर्लिंग, म्हणजे या हर्लीने चेंडू मारायचा आयरिश खेळ, रोज नजरेस पडतं. शाळेची पोरंसुद्धा हर्ली घेऊनच फिरतात. पण रेल्वे कप हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आयर्लंडचे प्रांत चार. प्रत्येक प्रांताने आपल्या परगण्यांतले निवडक खेळाडू घेऊन संघ करायचा, आपल्या दुलीप ट्रॉफीत विभागांचे संघ असतात तसा. चषक ग्रेट सदर्न रेल्वेने दिला, म्हणून रेल्वे कप. पहिला अंतिम सामना 1927 साली झाला. मन्स्टर प्रांताने तो सर्वांत जास्त वेळा नेला आणि कॉर्कच्या क्रिस्टी रिंगने एकट्याने 18 पदकं मिळवली. अल्स्टरच्या वाट्याला हर्लिंगमध्ये तो कधीच आला नाही. 1954 साली सेंट पॅट्रिकच्या दिवशी डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये जवळपास 49 हजार माणसं जमली होती.

आमच्या कॉनॉटचं दुखणं वेगळं. प्रांतात परगणे पाच, पण वरच्या दर्जाचं हर्लिंग फक्त गॉलवेत. म्हणजे प्रांताच्या नावाने खेळायचा जवळजवळ एकटा गॉलवे, आणि समोर कॉर्क, टिपरेरी, लिमरिक, क्लेअर अशा सगळ्यांतून वेचलेले मन्स्टरचे गडी. 1947 साली एकदा कप आला, त्यानंतर 33 वर्षं नाही. परगण्यांची मोठी स्पर्धा, ऑल-आयर्लंड, तर गॉलवेने 1923 नंतर जिंकलेलीच नव्हती.

मार्च 1980 मध्ये आजोबा कपचा अंतिम सामना बघायला इथूनच गाडी पकडून डब्लिनला गेले. हर्लिंगमध्ये गोलचे 3 गुण, आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर 1; फलकावर आधी गोल, मग हे एकेक गुण. फलक होता कॉनॉट 1-5, मन्स्टर 0-7. म्हणजे 8 विरुद्ध 7! एका गुणाने. "परतीच्या गाडीत आनंदाने कुणी जागेवर बसलंच नाही," आजोबा म्हणाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गॉलवेने लिमरिकला हरवून ऑल-आयर्लंड जिंकलं आणि कर्णधार जो कॉनोलीने व्यासपीठावरून आयरिश भाषेत भाषण केलं. त्या भाषणाबद्दल इथे अजूनही भरल्या आवाजात बोलतात. आजोबांचं म्हणणं, मार्चमध्ये मन्स्टरला हरवलं नसतं तर सप्टेंबरमध्ये पोरांचे हात थरथरले असते. मला ते पटतं. आपण यांना हरवू शकतो हे आधी एकदा अंगात भिनावं लागतं.

पुढे प्रेक्षक आटत गेले. 17 मार्च क्लबांच्या अंतिम सामन्यांकडे गेला (आता तेही जानेवारीत होतात). परगण्यांचे प्रशिक्षक खेळाडू सोडायला नाखूश, वेळापत्रकात जागा नाही. 2003 मध्ये तर अंतिम सामना रोममध्ये खेळवून पाहिला. शेवटचा 2016 च्या डिसेंबरात थर्लसला झाला, मन्स्टर जिंकलं. मला मनापासून वाटतं, हा कप पुन्हा सुरू व्हावा. एरवी एकमेकांवर तुटून पडणारे कॉर्क आणि टिपरेरीचे खेळाडू एका जर्सीत खेळतात, ते दुसरीकडे कुठे बघायला मिळणार?

हलवा संपल्यावर आजोबांनी माझ्या लेकाला अंगणात नेलं. हर्ली त्याच्या खांद्याला लागत होती. "मनगट सैल सोड," म्हणत त्यांनी त्याचे हात मुठीवर बसवले. पहिले चार फटके हवेत गेले. पाचव्याला स्लिटर, म्हणजे हर्लिंगचा चामड्याचा चेंडू, गोठ्याच्या भिंतीवर ठक्कन आदळला आणि आजोबा आपली आधाराची काठी विसरून त्याच्यामागे धावले.