आमची वाटचाल: बारकोडपासून टॅगपर्यंत

सुरुवात जळगावात बारकोड प्रिंटर विकण्यापासून झाली, कापड दुकानं, मेडिकल, बस एवढंच. मग डाळ मिलवाल्यांनी गोण्यांसाठी बोलावलं, पण तिथे भुसा-भुकटी एवढी की स्टिकरच्या रेघाच झाकून जातात आणि स्कॅनरला रेघा दिसल्याशिवाय काही कळत नाही, म्हणून आम्ही आरएफआयडीकडे, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचायच्या चिपवाल्या टॅगकडे वळलो. यात आम्ही वापरतो त्या टॅगला बॅटरी नसते, रीडरच्या लहरींवरच चिप चालू होते आणि आपला नंबर सांगते, मध्ये धूळ असली तरी फरक पडत नाही.

गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "भाऊ, फास्टॅगसारखं लांबून वाचणारंच द्या." फास्टॅग यूएचएफ या रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर चालतो, आपल्याकडे 865 ते 868 मेगाहर्ट्झ, काही मीटरवरून वाचतो, खरंय. पण एका सराफ शेठनी हट्टानं तेच घेतलं, तर संध्याकाळी एक ट्रे मोजताना शेजारच्या काउंटरच्या अंगठ्यापण यादीत! शेवटी रीडरची पॉवर उतरवली, म्हणजे पैसे मोजून घेतलेली रेंज आम्हीच कापली.

खरी परीक्षा झाली रावेर-सावद्याकडे, केळीत. केळीत पाणी भरपूर आणि यूएचएफच्या लहरी पाण्यात जिरतात, रिकामा क्रेट लांबून मस्त वाचला जायचा आणि भरलेल्या थप्पीच्या आतले क्रेट गायब. मग टॅग क्रेटच्या बाहेरच्या काठावर नेला, दोन्ही बाजूंनी अँटेना लावले, थप्पी लहान ठेवायला सांगितली, तेव्हा कुठे जमलं.

रायपनिंग चेंबरला, म्हणजे केळी पिकवायच्या खोलीला मात्र टॅग कामाचा नाही, तिथे नंबर नको, तापमान सतत पाहिजे. त्याला बॅटरीवाला ब्लूटूथ लो एनर्जी (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) सेन्सर, फक्त पफ पॅनलच्या (आत फोम भरलेल्या भिंतीच्या) पत्र्यातून 2.4 गिगाहर्ट्झचा सिग्नल नीट बाहेर येत नाही म्हणून गेटवेचा (सेन्सरची माहिती घेऊन पुढे पाठवणाऱ्या डब्याचा) अँटेना आतच लावतो.

आणि एनएफसी, म्हणजे मोबाईल टेकवून वाचायचा टॅग, 13.56 मेगाहर्ट्झ, जेमतेम 4 सेंटीमीटर. लोक नाक मुरडतात, पण एका लायनीत पंप बसवलेत तिथे सर्व्हिसवाल्या पोराने मोबाईल टेकवला की त्याच पंपाची नोंद उघडते, बाजूच्याची नाही, आणि वेगळा रीडर घ्यायलाच नको.

डेमोला येणार असाल तर आमच्या टेबलावरचा रिकामा क्रेट बघू नका भो, तुमचाच भरलेला घेऊन या.