व्यसनाबद्दल आमदारांना काय सांगायचं, कसं सांगायचं

मराठवाड्यातल्या आमदारांना दारूचा प्रश्न माहीत नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. सकाळी भेटायला येणाऱ्या गर्दीत "आमच्या गावातलं दुकान बंद करा" म्हणणाऱ्या बायका असतातच. पण उपाय विचारला की दोनच पुढे येतात: बंदी घाला, नाही तर व्यसनमुक्ती केंद्र काढा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात स्वस्तातल्या गोळ्या-इंजेक्शनांवर जो उपचार होऊ शकतो, त्याबद्दल त्यांना सहसा कुणी काही सांगितलेलंच नसतं. हा मजकूर ते सांगायला जाणाऱ्यांसाठी आहे. मग ते डॉक्टर असोत, समुपदेशक, शिक्षक किंवा बचत गटाच्या ताई.

आधी आकड्यांचं बोलू, कारण पहिली गडबड तिथेच होते. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या सर्वेक्षणाचा अहवाल 2019 मध्ये आला. 10 ते 75 वयोगटात 14.6 टक्के लोक दारू पितात, आणि सुमारे 5.7 कोटी लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, असं त्यात आहे. त्यातलाच सगळ्यात उपयोगी आकडा: दारूवर पूर्ण अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळाली होती. हा एक आकडा सांगा आणि थांबा. देशाच्या टक्केवारीला आपल्या तालुक्याच्या लोकसंख्येने गुणून "आपल्याकडे इतके हजार व्यसनी" असं काढू नका. समोर बसलेला अधिकारी "हे कुठून आणलं?" विचारतो आणि बैठक तिथेच संपते. त्याऐवजी दोन स्थानिक आकडे न्या. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत वर्षभरात दारूचे किती रुग्ण नोंदले, आणि जिल्ह्यात किती लिटर दारू विकली गेली. पहिला जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयातून मिळतो, दुसरा राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडून. तोंडी मागून दिला नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाका. दोन्ही शेजारी शेजारी छापले की फार बोलावं लागत नाही.

विज्ञानातलं किती सांगायचं? थोडंच. मेंदू, डोपामिन, जनुकं हे सगळं खरं आहे, पण दहा मिनिटांच्या भेटीत त्यातून निर्णय निघत नाही. "क्वार्टर" मात्र जरूर समजावून सांगा. विदेशी दारूची 180 मिलीची बाटली, त्यात 42.8 टक्के अल्कोहोल, म्हणजे सुमारे 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. एक प्रमाणित पेग 10 ग्रॅमचा धरतात. म्हणजे "रोज एकच घेतो" म्हणणारा रोज सहा पेग घेत असतो. हे कळलं की "तो कुठं जास्त पितो" हे वाक्य बंद होतं.

आता मूळ मुद्दा. माझ्या मते धोरण ठरवणाऱ्याला एकच गोष्ट नीट समजली पाहिजे, ती म्हणजे दारू अचानक थांबल्यावरचे पहिले पाच दिवस. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा शेवटचा घोट घेऊन सहा-आठ तास झाले की हात थरथरतात, घाम सुटतो, छातीत धडधडतं, झोप उडते. पहिल्या 48 तासांत फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भ्रम होतो. नसलेले किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. उपचार नाही मिळाला तर यात जीव जातो.

ग्रामीण रुग्णालयात हे कसं घडतं ते बघा. मोटारसायकलवरून पडून पाय मोडलेला माणूस भरती होतो. तो रोज पितो, हे कुणी विचारत नाही, नातेवाईक लाजेने सांगत नाहीत. तिसऱ्या रात्री तो सलाईन उपसून टाकतो, पलंगावरून उतरून भिंतीवरचं काहीतरी वेचायला लागतो. घरचे म्हणतात बाहेरचं झालं. रात्रपाळीची सिस्टर एकटी असते, मग पट्टीने हात बांधले जातात आणि सकाळी घाटीला (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) किंवा अंबाजोगाईला पाठवायचा कागद तयार होतो. पोलीस कोठडीतही हाच क्रम घडतो. तिथे तर त्याला सोंग म्हणतात.

दुसरी चूक सलाईनची. "दारू उतरवायला" खेड्यापाड्यात ग्लुकोजची बाटली सर्रास लावतात. सतत पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे ब जीवनसत्त्वातलं बी-1, आधीच संपत आलेलं असतं. ग्लुकोज जाळायला शरीर तेच वापरतं. उरलंसुरलं थायमिन संपलं की मेंदूला इजा होते: नजर स्थिर राहत नाही, चाल अडखळते, गोंधळ उडतो. वेळेत उपचार झाला नाही तर स्मरणशक्ती कायमची जाते. म्हणून नियम साधा आहे: आधी थायमिनचं इंजेक्शन, निदान 100 मिलिग्रॅम, मग ग्लुकोज. इजेची शंका असेल तर मात्रा कितीतरी जास्त लागते, शिरेतून 500 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. थरथर आणि झटक्यांसाठी क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देतात, यकृत खराब असेल तर लोराझेपाम. लक्षणं मोजून मात्रा ठरवतात आणि पाच-सात दिवसांत कमी करत बंद करतात. मोजायला "सीवा" नावाचा 10 मुद्द्यांचा तक्ता आहे, तो सिस्टरना शिकवता येतो.

यातलं काहीच महाग नाही. म्हणून मागणीही नेमकी ठेवा. जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात ही औषधं बारा महिने हवीत, भरती करताना प्रत्येकाला दारूबद्दल विचारायला हवं, सीवाचा तक्ता मराठीत वॉर्डात लावलेला हवा आणि जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागाने एक दिवसाचं प्रशिक्षण द्यायला हवं. घाटी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर अशी चार जुनी सरकारी महाविद्यालयं आपल्या विभागात आहेत. पुरवठा अडला तर रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून स्थानिक खरेदी करता येते. नव्या इमारतीची मागणी मात्र करू नका. इमारत मागितली की उद्घाटनाचा फलक लागतो आणि माणसांची पदं रिकामी राहतात.

पाच दिवस निभावले म्हणजे व्यसन सुटलं, असं सगळे समजतात, नेतेही. खरं काम पुढच्या वर्षभराचं असतं. उपचार घेतलेल्यांपैकी साधारण 40 ते 60 टक्के लोक पुन्हा व्यसनाकडे वळतात. बीपी किंवा दम्याच्या रुग्णांत त्रास उलटण्याचं प्रमाणही साधारण तेवढंच असतं. तलफ कमी करायला नॅलट्रेक्सोन आहे, अकॅम्प्रोसेट आहे. डायसल्फिरामही आहे, पण त्याबद्दल आमदारांना आणि गावालाही खडसावून सांगायला हवं. "न सांगता दारू सोडवा" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत काय आहे ते विकणाराही सांगत नाही, आणि त्यात डायसल्फिराम असलं तर वरणात कालवून दिलेली ती पुडी जीव घेऊ शकते. त्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, रक्तदाब कोसळतो, हृदयावर ताण येतो, आणि गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. पेशंटची संमती असेल, त्याला सगळं माहीत असेल, यकृत-हृदय तपासलेलं असेल, तरच हे औषध द्यायचं.

वर्षभर पाठपुरावा म्हटलं की मराठवाड्यात ऊसतोडीचा प्रश्न येतो. बीड आणि आसपासच्या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, कारखान्यावर जाते आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास परतते. सप्टेंबरमध्ये सुरू केलेला उपचार ऑक्टोबरात तुटणारच. म्हणून इथल्या शिबिरांचं कॅलेंडर मे महिन्यापासून धरावं, निघताना पेशंटच्या हातात औषधांची चिठ्ठी आणि काही आठवड्यांची औषधं असावीत, आणि मधल्या काळात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर बोलण्याची सवय लावावी. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) मिळते त्या आठवड्यांत पिणं वाढतं, तेव्हा आशाताईंच्या भेटी त्याच आठवड्यांत ठेवल्या तर उपयोग आहे.

खासगी केंद्रांबद्दल बोलताना कायद्याचं कलम हातात ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रास मानसिक आजारात धरले आहेत. त्यामुळे अशा रुग्णांना भरती करून उपचार करणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. साखळीने बांधायला कलम 95 ने सरळ बंदी आहे. नातेवाइकांच्या अर्जावरची भरती कलम 89 प्रमाणे एका वेळी 30 दिवसांपर्यंतच. आमदारांनी एखाद्या केंद्राला भेट दिली तर त्यांनी नोंदणीचं प्रमाणपत्र, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात त्याची वही आणि पहिल्या पाच दिवसांत दिलेल्या औषधांचा कागद मागावा. हे तिन्ही नसतील तर तिथे माणसं फक्त कोंडलेली आहेत. आणि हेही ठासून सांगा की बहुतेकांना भरतीची गरजच नसते, ओपीडी पुरते.

प्रतिबंधाचं थोडक्यात, कारण इथे नवं करण्यापेक्षा चालू असलेलं थांबवायचं आहे. 26 जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनाची रॅली, ऑक्टोबरातला सप्ताह, सडलेल्या फुप्फुसांची चित्रं, पोलीस निरीक्षकांचं भाषण. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयाचे प्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांची दुसरी आवृत्ती 2018 ची. एकतर्फी व्याख्यान, भीती दाखवणं, व्यसनातून बाहेर आलेल्याची कहाणी ऐकवणं, पोलिसांकडून वर्ग घेणं, या गोष्टींचा उपयोग होत नाही, कधी उलट परिणाम होतो, असं त्यात नोंदलं आहे. उपयोग होतो तो शिक्षकाने आठवड्याला एक असे दहा-पंधरा संवादी तास घेतल्याने, ज्यात मित्राने दिलेली पुडी कशी नाकारायची याचा सराव असतो. तंबाखूबाबत एक आकडा लक्षात ठेवा: 2016-17 च्या गॅट्स या प्रौढांच्या तंबाखू वापराच्या पाहणीत महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरत होते, तर धूम्रपान करणारे 3.8 टक्केच. सिगारेटच्या पोस्टरवर खर्च करून मिश्री आणि खर्रा सुटणार नाही.

सध्या बैठकांत चर्चा एमडी (मेफेड्रोन) आणि "बटन" गोळ्यांची जास्त होते. तोही प्रश्न खरा आहे, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एनकॉर्डची, म्हणजे अमली पदार्थविरोधी समन्वयाची, समिती असते, मुद्दा तिथे मांडा. बटन, म्हणजे नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या, एकदम बंद केल्यावरही झटके येतात, एवढं आरोग्य विभागाला आठवण करून द्या.

बाटली आडवी करण्याच्या मतदानाबद्दल एक गोष्ट इथल्या माणसानेच सांगायला हवी. 2008 च्या आदेशाप्रमाणे 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होतं, पण दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. झालेल्या मतांच्या निम्मी पुरत नाहीत. अर्धं गाव कारखान्यावर असताना तारीख लागली तर ज्या बायकांनी सही केली त्याच मतदानाला नसतात. आमदार इथे मदत करू शकतात, तारीख मे ते सप्टेंबरमध्ये लावून घेऊन. किमतीचंही बोला. जून 2025 मध्ये सरकारने विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन खर्चाच्या 3 पटींवरून 4.5 पट केलं, देशीवर मात्र प्रति प्रूफ लिटर 180 चे 205 रुपये झाले. भाव वाढला की पिणं घटतं, हे जगभर दिसलं आहे. पण हातभट्टीवर त्याच वेळी लक्ष नसेल तर गरीब माणूस तिकडे वळतो, आणि 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत दारूतल्या विषारी मिथेनॉलने शंभरावर माणसं कशी गेली ते राज्याने पाहिलं आहे. वाढीव महसुलातला ठरावीक हिस्सा उपचारासाठी मागणं रास्त आहे.

शेवटी कागद. एकच पान, एकच मागणी, आणि ती ज्याच्या सहीने होते त्याचं पद वर लिहिलेलं. इथे फार गल्लत होते. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांकडे आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे. व्यसनमुक्तीचं अनुदान सामाजिक न्याय विभागाकडे, दुकानाचा परवाना उत्पादन शुल्ककडे, गुटखा अन्न व औषध प्रशासनाकडे. चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज "संबंधितांकडे वर्ग" होत फिरत राहतो. पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा, आणि स्वीय सहाय्यकांना पान मोबाइलवरही पाठवा, कारण भाषणाचे मुद्दे बहुधा तेच काढतात.

अधिवेशनाच्या आधी प्रश्नाचा मसुदा तयार करूनच द्या, आमदारांना तेवढं हवंच असतं. उदाहरणार्थ: "जिल्ह्यातील किती ग्रामीण रुग्णालयांत थायमिन इंजेक्शन, लोराझेपाम व डायझेपाम यांचा साठा मागील बारा महिने अखंड उपलब्ध होता, नसल्यास कारणे काय, किती वैद्यकीय अधिकाऱ्यांना मद्यविरती लक्षणांच्या उपचाराचे प्रशिक्षण देण्यात आले?" "शासन व्यसनमुक्तीसाठी काय करत आहे" असं विचारलं तर उत्तरात रॅलींची यादी येते. उत्तर आलं की त्याची प्रत घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा आणि त्यात लिहिलेलं इंजेक्शन वॉर्डाच्या कपाटात आहे का ते सिस्टरना विचारा.